अबोल प्रतिभा : गणितज्ञ बर्नहार्ड रीमान

बर्नहार्ड रीमान यांचे समग्र गणिती लेखन एका ग्रंथात मावते. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले निबंध तर अगदी मोजके होते, आणि आयुष्य लाभले तेही अवघ्या ३९ वर्षांचे. तरीही भूमिती, संमिश्र संख्यांचे फलनशास्त्र, मूळ संख्यांचा अभ्यास आणि गुरुत्वाकर्षणाचे आधुनिक पदार्थविज्ञान या क्षेत्रांत आजही त्यांचे नाव घेतल्याशिवाय एक पाऊल पुढे टाकता येत नाही. एका गरीब धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेला, चारचौघांत तोंड उघडायला बिचकणारा, वेळेवर निबंध पुरा करू न शकणारा हा विद्यार्थी या पदाला कसा पोहोचला, ही कथा विद्यार्थ्यांइतकीच त्यांच्या पालकांनीही जाणून घ्यावी अशी आहे.

१७ सप्टेंबर १८२६ रोजी त्या वेळच्या हॅनोव्हर राज्यातील ब्रेझेलेंत्स या लहानशा खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील फ्रीड्रिख बर्नहार्ड रीमान हे लूथरपंथी धर्मोपदेशक. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात त्यांनी सैनिकी सेवा केली होती. आई शार्लोट हिच्या पदरी दोन मुलगे आणि चार मुली. बर्नहार्ड हा दुसरा. पुढे हे कुटुंब क्विकबोर्न या गावी राहावयास गेले. मिळकत तुटपुंजी, खाणारी तोंडे आठ. परंतु घरात परस्परांविषयी माया अशी होती की, पुढे आयुष्यभर रीमान यांचे मन त्या घराकडेच ओढ घेत राहिले.

दहा वर्षांचा होईपर्यंत बर्नहार्डला वडिलांनीच घरी शिकविले. पाच वर्षांचा असताना त्याला इतिहासाची गोडी होती आणि पोलंडच्या दुर्दैवाची कहाणी तो पुन:पुन्हा ऐकावयास मागे. पुढे इतिहासाची जागा अंकगणिताने घेतली. अवघड उदाहरणे स्वत: रचावीत आणि ती भावंडांपुढे टाकून त्यांची गंमत पाहावी, हा त्याचा खेळ झाला. वडिलांच्या मदतीला शुल्त्स नावाचे गावातील एक शिक्षक आले. थोड्याच दिवसांत त्यांच्या ध्यानात आले की, हा शिष्य आपल्यापेक्षा सोपी आणि सरस रीत शोधून काढतो, आणि गुरूलाच त्याच्या मागून जावे लागते.

१८४० साली पुढील शिक्षणासाठी त्याला हॅनोव्हर येथे आजीकडे पाठविण्यात आले. घरापासून दूर राहण्याचा हा पहिलाच प्रसंग. लाजाळू स्वभावामुळे तेथे त्याला फार एकटे वाटे. दोन वर्षांनी आजीही निवर्तली आणि तो ल्यूनेबुर्ग येथील योहानेउम या शाळेत दाखल झाला. घर आता जवळ आले. सुट्टी लागली की तो पायी क्विकबोर्नची वाट धरी. नाजूक प्रकृतीच्या या मुलाने इतकी दगदग करू नये म्हणून आईचा जीव मात्र खालीवर होत असे.

योहानेउममध्ये बर्नहार्डविषयी शिक्षकांची एक तक्रार कायम होती. त्याचे निबंध कधीच वेळेवर येत नसत. आळस हे कारण नव्हते. लिहिलेले वाक्य निर्दोष झाल्याची स्वत:ची खात्री पटल्याखेरीज ते हातावेगळे करणे त्याला जमत नसे. एखाद्या कठोर शाळेने अशा मुलाला शिक्षा करून मोकळे होणे सोपे होते. येथे तसे घडले नाही. हिब्रू भाषेच्या शिक्षकांनी त्याला आपल्या घरी राहावयास घेतले आणि रात्री उशिरापर्यंत त्याच्याजवळ बसून त्याच्याकडून लेखन पुरे करून घेतले. शाळेचे संचालक श्मालफुस यांनी तर त्याला आपला खासगी ग्रंथसंग्रहच खुला करून दिला. गणिताची पुस्तके हवी ती न्यावीत, वर्गातील गणिताच्या तासाला बसण्याचीही सक्ती नाही, अशी मुभा दिली.

एकदा श्मालफुस यांनी त्याच्या हाती फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांचा संख्यासिद्धांतावरील ८५० हून अधिक पानांचा ग्रंथ ठेवला. आठवडा उलटायच्या आत तो परत आला. मुलाने पाने नुसती चाळली असावीत, अशी शंका कोणालाही यावी. परंतु काही महिन्यांनी परीक्षेच्या वेळी त्यातील विषयावर प्रश्न विचारले गेले, तेव्हा मधल्या काळात ग्रंथ पुन्हा न पाहताही बर्नहार्डने उत्तरे बिनचूक दिली. मूळ संख्यांचे जे आकर्षण पुढे त्यांच्या नावाला अमर करणार होते, त्याचे बीज या शाळकरी वाचनात पडले असावे.

१८४६ साली रीमान गॉटिंगेन विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी मातृवियोगाचा आघात त्यांना सोसावा लागला. वडिलांप्रमाणे धर्मोपदेशक होऊन घराला लवकर हातभार लावावा, या हेतूने त्यांनी ईश्वरशास्त्र व भाषाशास्त्र हे विषय घेतले होते. मन मात्र गणिताच्या व्याख्यानांकडे धाव घेई. वडिलांच्या संमतीवाचून विषय बदलणे त्यांना मान्य नव्हते. अखेर त्यांनी घरी लिहून अनुज्ञा मागितली. ज्या घरात मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहिली जात होती, त्या घरातील पित्याने आपली इच्छा बाजूस सारून होकार दिला. गणितावर या पित्याचे मोठे ऋण आहे.

त्या काळी गॉटिंगेनला कार्ल फ्रीड्रिख गाउस हे युरोपातील सर्वश्रेष्ठ गणिती असले, तरी त्यांचे अध्यापन प्राथमिक विषयांपुरतेच असे. म्हणून १८४७ साली रीमान बर्लिनला गेले. तेथे याकोबी, डिरिक्ले, श्टायनर आणि तरुण आयझेनश्टाइन यांचे अध्यापन त्यांना लाभले. विशेषत: डिरिक्ले यांची पद्धत त्यांना मानवली. लांबलचक आकडेमोडीच्या जंगलात न शिरता मूळ कल्पनेला हात घालावा आणि तिच्यातूनच निष्कर्ष ओघाने यावा, ही ती दृष्टी होती. याकोबींकडून मिळालेला वारसा निराळा होता. तो होता थीटा फलनांचा. या दोन वारशांचा संगम पुढे रीमान यांच्या हातून व्हायचा होता, म्हणून थीटा फलने म्हणजे काय, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे.

वर्तुळाच्या कंसाची लांबी काढण्याचे समीकरण उलटे वाचले, म्हणजे लांबीवरून बिंदूचे स्थान शोधले, की त्रिकोणमितीतील साइन हे परिचित फलन मिळते. घड्याळाचा काटा बारा तासांनी जसा मूळ जागी येतो, तसे साइनचे मूल्य ठरावीक अंतराने पुन्हा तेच येते. लंबवर्तुळाच्या कंसाची लांबी काढू गेल्यास मात्र वर्गमुळाखाली तीन किंवा चार घातांची बहुपदी असलेला समाकल पुढे येतो आणि तो नेहमीच्या फलनांत मांडता येत नाही. नॉर्वेचे आबेल आणि जर्मनीचे याकोबी यांनी १८२७ च्या सुमारास अशा समाकलांनाही उलटे वाचले. त्यातून मिळालेली फलने एका दिशेने नव्हे, दोन दिशांनी पुनरावृत्त होतात. लुगड्यावरील बुट्टे जसे लांबीच्या दिशेने आणि रुंदीच्याही दिशेने पुन:पुन्हा उमटतात, तसेच हे. आबेल १८२९ साली २६ व्या वर्षी क्षयाने गेले. त्याच वर्षी याकोबींचा या विषयावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यात थीटा फलने केंद्रस्थानी आली.

थीटा फलन ही एक अनंत श्रेणी असते आणि तिच्या पदांचे घातांक १, ४, ९, १६ असे वर्गसंख्यांनी वाढत जातात. मूळ संख्या १/२ घेतली तर ही पदे १/२, १/१६, १/५१२, १/६५५३६ अशी विलक्षण वेगाने लहान होत जातात. म्हणून बेरीज अनंत पदांची असूनही पहिल्या चार-पाच पदांतच उत्तर जवळपास हाती येते. थीटा फलन स्वत: मात्र दोन्ही दिशांनी पुनरावृत्त होत नाही. एका दिशेने ते जसेच्या तसे परत येते, दुसऱ्या दिशेने येताना एका ज्ञात गुणकाने गुणले जाऊन येते. अशा दोन थीटा फलनांचा भागाकार अचूक जुळवून घेतला की ते गुणक परस्परांना छेदतात आणि दोन दिशांनी पुनरावृत्त होणारे फलन तयार होते. याकोबींच्या हाती ही गुरुकिल्लीच होती.

अडचण पुढच्या पायरीवर आली. वर्गमुळाखाली पाच, सहा किंवा अधिक घातांची बहुपदी असेल तर काय करावे? आबेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अधिक व्यापक समाकलांना उलटे कसे वाचावे, हा प्रश्न याकोबींनी १८३२ साली मांडला. त्यातील पहिली पायरी गोपेल आणि रोझेनहाइन या दोघांनी दोन चलांची थीटा फलने वापरून ओलांडली. त्यापलीकडची वाट बंद होती.

१८४९ साली रीमान गॉटिंगेनला परतले. पदार्थवैज्ञानिक विल्हेल्म वेबर यांच्या सहवासात त्यांना विद्युत व चुंबकत्व यांचीही ओढ लागली. १८५१ मध्ये त्यांनी संमिश्र चलांच्या फलनांवर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. स्तुतीच्या बाबतीत अतिशय कृपण असलेल्या गाउस यांनी या प्रबंधाची मनापासून प्रशंसा केली. रीमान पृष्ठ या नावाने आज जी कल्पना जगभर शिकवली जाते, ती प्रथम येथे अवतरली.

ही कल्पना वर्गमुळावरून समजून घेता येते. ४ चे वर्गमूळ २ आहे आणि वजा २ सुद्धा. मग खरे कोणते धरावे? संमिश्र संख्यांच्या प्रतलावर १ या बिंदूपासून निघून शून्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि वर्गमुळावर सतत नजर ठेवली, तर १ पासून सुरू झालेले वर्गमूळ प्रदक्षिणेच्या शेवटी वजा १ होते. आणखी एक प्रदक्षिणा घातली की ते पुन्हा १ होते. रीमान यांनी असे मानले की, चालणारा एकाच प्रतलावर फिरत नसून एकावर एक ठेवलेल्या दोन पत्र्यांवर फिरत आहे आणि हे पत्रे एका चिरेपाशी परस्परांना जोडलेले आहेत. पहिली फेरी वरच्या पत्र्यावर, दुसरी खालच्या. दोन उत्तरांचा गोंधळ संपला. प्रत्येक ठिकाणी एकच उत्तर उरले. फलनाचा स्वभाव आता त्याच्या पृष्ठाच्या आकारात दिसू लागला.

हे पत्रे कापून, जोडून, मिटवून घेतले की कधी चेंडूसारखे पृष्ठ मिळते, कधी मेदूवड्यासारखे मध्ये एक भोक असलेले, तर कधी दोन, तीन किंवा अधिक भोके असलेले. वर्गमुळाखाली तीन किंवा चार घात असतील तर भोक एक, पाच किंवा सहा असतील तर दोन. लंबवर्तुळाचा समाकल एवढा हट्टी का आहे, याचे उत्तर त्या एका भोकात आहे. भोकाभोवती आणि भोकातून आरपार अशा दोन निराळ्या वाटांनी फेरी मारता येते. म्हणूनच त्या फलनांना दोन दिशांची पुनरावृत्ती आहे.

डॉक्टरेट मिळाली, तरी विद्यापीठात शिकविण्याचा अधिकार मिळण्यासाठी आणखी एक प्रबंध आणि एक जाहीर व्याख्यान द्यावे लागे. व्याख्यानासाठी रीमान यांनी तीन विषय सुचविले. पहिल्या दोहोंची तयारी झालेली होती, आणि रिवाजाप्रमाणे पहिलाच विषय निवडला जाईल असे त्यांनी गृहीत धरले होते. गाउस यांनी तिसरा निवडला. भूमितीच्या पायाशी कोणती गृहीतके आहेत, हा तो विषय. गाउस यांनी स्वत: त्यावर आयुष्यभर विचार केला होता. आधीच अतिश्रमाने खालावलेल्या रीमान यांच्या प्रकृतीवर या तयारीचा मोठा ताण पडला. तरीही १० जून १८५४ रोजी त्यांनी ते व्याख्यान दिले. श्रोत्यांत गणित न जाणणारे प्राध्यापकही असल्याने त्यांनी सूत्रे जवळजवळ टाळली. अवकाशाला कितीही मिती असू शकतात, प्रत्येक बिंदूपाशी त्याची वक्रता वेगळी असू शकते आणि आपल्या जगाची भूमिती कोणती हे अखेर अनुभवानेच ठरवावे लागेल, असा विचार त्यांनी मांडला. सभागृहातून परतताना वृद्ध गाउस वेबर यांच्याशी या व्याख्यानाविषयी विलक्षण उत्तेजित होऊन बोलत होते. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यांना लागणारी भूमिती साठ वर्षांपूर्वीच तयार झालेली होती.

अशा बुद्धिमंताच्या पहिल्या अभ्यासक्रमाला आठ विद्यार्थी आले आणि तेवढ्यानेही रीमान यांना समाधान वाटले. बोलताना विद्यार्थी मागे पडतात आणि आपण पुढे निघून जातो, हे त्यांना जाणवे. श्रोत्यांचे चेहरे पाहून गती बेताची करण्याचा ते कसोशीने प्रयत्न करीत. आबेलीय फलनांवरील त्यांच्या व्याख्यानमालेला तर तीनच श्रोते होते. त्यांतील एक होते त्यांचे मित्र आणि पुढे स्वत: थोर गणितज्ञ झालेले रिचर्ड डेडेकिंट. ती व्याख्याने पुढे अजरामर ठरली.

घरची परिस्थिती मात्र कोसळत होती. १८५५ साली वडील वारले, एक बहीणही गेली आणि क्विकबोर्नचे घर कायमचे मोडले. उरलेल्या बहिणी ब्रेमेन येथे टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाच्या आश्रयाला गेल्या. रीमान कामात बुडून राहिले. १८५७ मध्ये अतिश्रमाने ते इतके खचले की, मित्रांनी त्यांना हार्त्स पर्वतात विश्रांतीसाठी नेले. त्याच वर्षी भावाचाही मृत्यू झाला. तीन बहिणींचा भार आता वर्षाकाठी ३०० टालर वेतन असलेल्या या प्राध्यापकावर आला आणि त्यांतील एक लवकरच दगावली. अशा विवंचनेत त्यांनी आबेलीय फलनांचा आपला महान निबंध प्रसिद्ध केला.

या निबंधात दोन्ही वारसे एकत्र आले. पृष्ठाला प भोके असतील तर त्यावर प स्वतंत्र समाकल आणि २प स्वतंत्र वेढे असतात, हे रीमान यांनी दाखविले. प्रत्येक समाकल प्रत्येक वेढ्यावरून फिरवला की संख्यांचे एक कोष्टक तयार होते. योग्य रीतीने मांडले असता ते कोष्टक कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखे दिसते आणि त्याच्या काल्पनिक भागाला धनतेचा एक विशेष गुण असतो. हे कोष्टक वापरून त्यांनी प चलांचे थीटा फलन रचले. अनंत पदांची बेरीज सांत राहील कशावरून, या शंकेचे उत्तर तोच धनतेचा गुण देतो आणि तो गुण पृष्ठाच्या घडणीतूनच येतो. आकार स्वत:च बेरजेची हमी देतो. पुढे त्यांनी हे थीटा फलन त्याच पृष्ठावर उतरवून पाहिले. ते सर्वत्र शून्य होत नसेल तर त्याला नेमकी प शून्यस्थाने असतात, आणि याकोबींच्या प्रश्नाला हवे असलेले प बिंदू तेच. पंचवीस वर्षे बंद असलेले दार उघडले. बर्लिनच्या कार्ल वायरश्ट्रास यांनी याच प्रश्नावरील आपला निबंध अकादमीला सादर केला होता. रीमान यांचे काम पाहताच त्यांनी तो मागे घेतला.

अशी पृष्ठे किती प्रकारची असू शकतात, याचेही गणित त्यांनी केले. दोन किंवा अधिक भोके असता प्रकार ठरविण्यास तीनप उणे तीन इतके स्वतंत्र आकडे लागतात. कोष्टकात स्वतंत्र आकडे दोन भोकांना ३, तीन भोकांना ६, आणि पृष्ठालाही तितकेच. चार भोकांना मात्र पृष्ठाला ९ आकडे पुरतात आणि कोष्टकात १० असतात. म्हणजे प्रत्येक कोष्टक पृष्ठातून आलेले नसते. खरी कोष्टके ओळखायची कशी, या प्रश्नाने पुढची सव्वाशे वर्षे गणितज्ञांना झुलविले. चार भोकांसाठी शोट्की यांनी १८८८ साली अट सांगितली. सर्वसाधारण उत्तराची एक सुंदर वाट जपानचे शिओता यांनी १९८६ साली सिद्ध केली.

१८५५ मध्ये गाउस आणि १८५९ मध्ये त्यांच्या जागी आलेले डिरिक्ले निवर्तल्यावर ते आसन रीमान यांच्याकडे आले. बर्लिन अकादमीनेही त्यांना सदस्यत्व दिले. त्याची कृतज्ञता म्हणून त्यांनी दिलेल्या मूळ संख्यांवरील छोट्या निबंधात एक अनुमान ओघात येऊन गेले. तेच आज रीमान गृहीतक म्हणून ओळखले जाते आणि दशलक्ष डॉलरचे पारितोषिक जाहीर होऊनही सिद्धतेविना उभे आहे. त्या निबंधातही याकोबींचे थीटा फलन त्यांच्या मदतीला आले होते.

जून १८६२ मध्ये बहिणींची मैत्रीण एलिझ कोख यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गृहस्थाश्रमाचे सुख महिनाभरच निर्वेध टिकले. जुलैमध्ये फुप्फुसाच्या आवरणाला सूज आली आणि तिचे पर्यवसान क्षयात झाले. वैद्यांनी उबदार हवेचा सल्ला दिल्यावरून ते इटलीत गेले. सिसिलीतील मेसीना, मग पिसा. पिसा येथील गणितज्ञ बेत्ती यांचा स्नेह त्यांना लाभला. कन्या इदा हिचा जन्मही पिसा येथेच झाला. तेथील विद्यापीठाने देऊ केलेले आसन त्यांनी प्रकृतीच्या कारणाने नाकारले. १८६५ साली थीटा फलने केव्हा शून्य होतात, या विषयावर त्यांनी आणखी एक निबंध पुरा केला. शरीर खंगत असताना लिहिलेला हा निबंध त्यांच्या सर्वांत प्रगल्भ लेखनात गणला जातो. त्याच वर्षी त्यांचे शिष्य गुस्टाव रोख यांनी गुरूंच्या एका सिद्धांताला पूर्णत्व दिले. रीमान-रोख प्रमेय म्हणून तो आज प्रसिद्ध आहे.

जून १८६६ मध्ये प्रशिया आणि हॅनोव्हर यांच्यात युद्ध पेटत असताना रीमान शेवटच्या वेळी गॉटिंगेन सोडून इटलीकडे निघाले. लागो माज्जोरे सरोवराच्या काठी सेलास्का येथे ते उतरले. शक्ती झपाट्याने कमी होत होती, बुद्धी मात्र स्वच्छ होती. मृत्यूच्या आदल्या दिवशी अंजिराच्या झाडाखाली पहुडून, समोरचे निसर्गवैभव पाहत, ते आपल्या अखेरच्या निबंधावर काम करीत होते. २० जुलै १८६६ रोजी पत्नी शेजारी बसून प्रार्थना म्हणत असताना त्यांनी शांतपणे डोळे मिटले. जवळच्या बिगानझोलो येथे त्यांचे दफन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २६ वर्षांचे रोखही क्षयानेच गेले.

मागे राहिलेले कागद पत्नीने डेडेकिंट यांच्या स्वाधीन केले. मित्राचे ऋण मानून त्यांनी आणि हाइन्रिख वेबर यांनी दहा वर्षांच्या खटपटीनंतर १८७६ साली समग्र लेखन प्रसिद्ध केले. सोबत डेडेकिंट यांनी लिहिलेले चरित्रही होते. दरम्यान १८७० साली वायरश्ट्रास यांनी रीमान यांच्या एका मूलभूत युक्तिवादात उणीव असल्याचे दाखविले होते. पृष्ठांची सारी इमारतच डळमळीत आहे की काय, असे काहींना वाटले. विसाव्या शतकाच्या आरंभी डेव्हिड हिल्बर्ट यांनी तो युक्तिवाद पक्क्या पायावर उभा केला आणि १९१३ साली हेर्मान वाइल यांनी रीमान पृष्ठाची नेटकी व्याख्या केली. इमारत सुरक्षित राहिली.

या वारशात भारताचाही वाटा आहे. श्रीनिवास रामानुजन यांनी १९२० साली, मृत्यूपूर्वी काही महिने, हार्डी यांना लिहिलेल्या शेवटच्या पत्रात मॉक थीटा फलने नावाची नवी फलने मांडली होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी १९६५ साली रीमान पृष्ठांविषयी सिद्ध केलेले प्रमेय जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच संस्थेत डेव्हिड मम्फर्ड यांनी थीटा फलनांवर दिलेली व्याख्याने टाटा लेक्चर्स ऑन थीटा या नावाने ग्रंथरूप झाली आणि आज ती या विषयाच्या अभ्यासकांच्या हाती सर्वत्र असतात. गॉटिंगेनमध्ये तीन श्रोत्यांसमोर सांगितलेला विषय शंभर-सव्वाशे वर्षांनी अरबी समुद्राच्या काठी पुन्हा सांगितला गेला.

रीमान यांना शाळेने काय दिले, असा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर साधे आहे. ल्यूनेबुर्गच्या त्या शाळेला गणित शिकविण्यात त्यांच्यापुढे टिकाव धरता आला नसता, आणि श्मालफुस हे ओळखून होते. त्यांनी कपाट उघडले, पुस्तक हाती ठेवले आणि मुलाला त्याच्या गतीने जाऊ दिले. त्याच्या उशिरा येणाऱ्या निबंधांमागे काय आहे, हे त्या शिक्षकांनी पाहून घेतले. प्रत्येक वर्गात एखादा मुलगा किंवा मुलगी अशी असते, जी हात वर करीत नाही आणि जिची वही वेळेवर येत नाही. तिच्यातून रीमान घडेलच असे नाही. पण ती वही उघडून पाहण्याचे काम शिक्षकाचे आणि पालकांचे आहे.